अण्णांची बीट



दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला की आपल्या सगळ्यांचे फोन सकाळपासून वाजायला लागतात. एकच चित्र पन्नास जणींकडून येतं आणि आपणही तेच पुढं पन्नास जणींना पाठवतो. आपल्यातल्या चाळिशीपुढच्या मैत्रिणींना मात्र आठवत असेल, हीच क्षमा पूर्वी छापील कार्डावर पोस्टानं यायची. पाकीट न चिकटवता, वर 'बुक पोस्ट' असं लिहून, म्हणजे तिकीट कमी लागायचं. आलेली कार्डं भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवली जायची आणि दिवाळीपर्यंत तो आकडा भरून जायचा.

ती कार्डं दारात आणून देणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले. माझे आजोबा १९५८ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं पोस्टमन होते. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून आम्ही नातवंडंही अण्णाच म्हणायचो. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना बस्तीचा जीर्णोद्धार कुणी केला, पाटीलकी कुणाकडे होती, गुरुकुलाला जमीन कुणी दिली, हे सगळं नीट नोंदवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण गावातल्या बायकांचं माहेर, त्यांचे मुंबईला गेलेले मुलगे, त्यांच्या चार-चार रुपयांच्या बचती ज्या एका माणसाच्या झोळीतून ये-जा करत होत्या, त्याची नोंद कुठंच नाही. म्हणून आज थोडं अण्णांविषयी.

अण्णांच्या आधीचं टपाल

पेशवाईत पत्रं जासूद न्यायचे, पण ती दरबाराची, सरदारांची, सावकारांची. सामान्य घरातल्या बाईला जासूद ठेवणं कुठून परवडणार? इंग्रजांच्या अमलात १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जनं कंपनीचं टपाल लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा दर होता शंभर मैलांना दोन आणे. म्हणजे माहेर जितकं लांब तितकं पत्र महाग. १८५४ साली देशभर एकच दर ठरला आणि अर्ध्या आण्याचं तिकीट आलं. आता माहेर पन्नास मैलांवर असो की पाचशे, पैसे तेवढेच.

खरा फरक पडला तो १ जुलै १८७९ ला. त्या दिवशी आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पोस्टाची मनिऑर्डर आली आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक. अण्णा म्हणायचे, या तीन वर्षांत सरकारनं गरिबाला तीन गोष्टी दिल्या: बोलणं, कमाई घरी पाठवणं आणि ती साठवणं. त्यांच्या झोळीतही चौतीस वर्षं मुख्यतः याच तीन गोष्टी होत्या.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात २३,३४४ पोस्ट ऑफिसं होती. पुढं खेडोपाडी ऑफिसं उघडत गेली, तेव्हा माणसंही भरली गेली. अण्णांचा जन्म १९३४ चा, सातवीची फायनल पास. घरची जमीन थोडी आणि भाऊ तिघं. अण्णा धाकटे. शेतीत तिघांचं भागणार नाही म्हणून त्यांनी पोस्टाची नोकरी धरली. आपल्याकडे तेव्हा शेती नाहीतर व्यापार हीच प्रतिष्ठेची कामं. भावकीतले चेष्टा करायचे, "दारोदार फिरायची नोकरी बघितलीस काय रे?" अण्णा हसून म्हणायचे, "मुनी महाराजसुद्धा दारोदारच जातात की."

बीट

पोस्टमननं रोज फिरायचा जो भाग ठरलेला असतो, त्याला पोस्टात बीट म्हणतात. अण्णांच्या बीटमध्ये आमचं गाव आणि भोवतीच्या तीन वाड्या होत्या. मुंबई-पुण्याचं टपाल रेल्वेनं मिरजेला यायचं. तिथं आरएमएसमध्ये सॉर्टिंग होऊन पिशव्या कोल्हापूरच्या गाडीनं जयसिंगपूरला उतरायच्या आणि तिथून एसटीनं गावात. पिशवीच्या तोंडाला सुतळी आणि लाखेचं सील. ते फोडून पोस्टमास्तर पत्रांवर आल्या दिवसाचा शिक्का मारायचे, अण्णा गल्लीवार पत्रं लावायचे आणि मग खाकी कपडे, खांद्याला झोळी आणि सायकल घेऊन निघायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल रुतायची, तेव्हा ती कुणाच्या तरी गोठ्याला टेकवून पुढं चालत.

चौमासात तर चालणं त्यांना जास्त पसंत होतं. पायाखाली बघून चालता येतं, म्हणायचे. सूर्यास्ताच्या आत जेवण हा नेम त्यांनी नोकरीत एकदाही मोडला नाही, असं आज्जी सांगायची. दिवस लहान झाले की बीट लवकर संपवून घर गाठायची घाई. एखाद्या दिवशी टपाल उशिरा आलं आणि बीट संपेपर्यंत अंधार पडला, तर ते तसेच झोपायचे. पत्र उद्यावर टाकण्यापेक्षा जेवण उद्यावर टाकणं सोपं, असा त्यांचा हिशोब.

पाण्याची एक गोष्ट सांगते. सुरुवातीला ते घरून गाळलेलं पाणी फिरकीच्या तांब्यात घेऊन जायचे. एका वाडीला दलित वस्तीत मनिऑर्डर द्यायला गेले असताना घरातल्या म्हाताऱ्या आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अण्णांनी सवयीनं स्वतःचा तांब्या दाखवला. ती एवढंच म्हणाली, "आमचं पाणी न्हाई चालत व्हय अण्णा?" त्या बाईला आपल्या पाणी गाळण्याच्या नियमाशी काय देणंघेणं? तिला तिच्या आयुष्यभराच्या अनुभवातून जे कळायचं तेच कळलं. अण्णा तिथंच बसले, खिशातला स्वच्छ रुमाल तांब्यावर धरून पाणी गाळलं आणि प्यायले. दुसऱ्या दिवसापासून फिरकीचा तांब्या घरी राहिला आणि खिशात गाळण्याचं फडकं आलं. नियम तोच राहिला, पण तो पाळताना कुणाचा अपमान होतोय का, हे बघायला ते शिकले.

वाचून दाखवणं

१९६१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे अण्णा पत्र देत त्या घरांतल्या बहुतेक बायकांना ते वाचता येत नसे. घरातला पुरुष शेतात, पोरं शाळेत. मग पोस्टमननंच वाचायचं.

अण्णांचे यात काही ठरलेले नेम होते. उंबऱ्याच्या बाहेर कट्ट्यावर बसूनच वाचायचं. जे लिहिलंय ते सगळं वाचायचं, मधलं गाळायचं नाही आणि आपल्या मनाचं घालायचं नाही. वाचून झालं की पत्र जिचं तिच्या हातात द्यायचं. आणि त्या कट्ट्यावरून उठलं की ते विसरायचं. हे शेवटचं सर्वांत अवघड. गावात कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या भावानं जमीन लिहून घेतली, कुणाची पोर सोलापूरच्या श्राविकाश्रमात जाऊन शिकायला लागली आणि आता परत यायला तयार नाही, हे सगळं अण्णांना सगळ्यांच्या आधी ठाऊक. आणि आमच्या घरात ते सर्वांत शेवटी कळायचं. आज्जी चिडायची, "पाणवठ्यावर बायका मला सांगत्यात, आणि माझा नवरा पोस्टात!"

लिहून देणं हे त्याहून नाजूक काम. नव्या सुनेला माहेरी पत्र पाठवायचं असलं की शेजारी सासू बसायची आणि तीच सांगायची, "लिवा, सुखरूप हाय, काळजी करू नगा." अण्णा लिहायचे. मग पोरीकडं बघून विचारायचे, "आणखी काय लिहू?" आणि थांबायचे. बहुतेक वेळा पोरगी मान हलवायची. पण एखादी म्हणायची, "आईला म्हणावं, पंचमीला दादाला मला न्यायला लावून दे." तेवढं एक वाक्य तिचं स्वतःचं असायचं. अण्णा सांगायचे, "मी फक्त थांबायचो. त्याच्यापुढं माझा अधिकार नव्हता."

मनिऑर्डर घेताना निरक्षर बाईचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणजे शेजारचा कुणी पुरुष. म्हणजे पोरानं किती पाठवले ते लगेच गल्लीभर. काही बायकांना ते नको असायचं, दीर किंवा सावकार लगेच दारात यायचा. म्हणून अण्णांनी अशा बायकांना सही शिकवायला सुरुवात केली. बाद झालेल्या फॉर्मच्या पाठीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे आणि सांगायचे, रोज भाकरी थापायच्या आधी परातीतल्या पिठात एकदा बोटानं काढायचं. बाराखडी शिकवायला वेळ नव्हता. फक्त नाव. महिन्या-दोन महिन्यांत सही यायची आणि साक्षीदाराची गरज संपायची.

बचतीचंही तसंच. १९७२ मध्ये सरकारनं महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली. बाईच एजंट, ती घरोघर जाऊन दरमहा पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणार. आमच्या गावात या कामाला एक विधवा बाई तयार झाली, तेव्हा तिनं असं घरोघर फिरावं का यावर बरीच कुजबुज झाली. अण्णांनी पहिलं खातं आज्जीच्या नावानं तिच्याकडंच उघडलं. मग कुजबुज करणाऱ्यांच्याही बायकांची खाती आली.

पत्ता आणि पिन

याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिन कोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या रत्नागिरीकडचे, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. एकाच नावाची गावं देशभर, वडगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात, त्यात प्रत्येक प्रांताची लिपी वेगळी. वेलणकरांनी सहा आकड्यांत साऱ्या देशाची मांडणी केली. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आपल्या पोस्ट ऑफिसचे. सांगलीचा ४१६४१६ तर अण्णा आम्हाला पाढ्यासारखा म्हणायला लावायचे.

गावातली प्रत्येक लग्नपत्रिका आणि क्षमावाणीचं प्रत्येक कार्ड आधी अण्णांकडं यायचं, पत्ता बरोबर आहे का बघायला. 'प्रगती आणि जिनविजय'चे अंक गावात यायचे, त्याच्या वेष्टणावरचे पत्ते कापून त्यांनी एक वही केली होती. कोणत्या गावी आपल्या समाजाची कोणती घरं, हे त्या वहीत सापडायचं. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन तिकिटं चिकटवलेली होती. १९७४ चं, भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली तेव्हाचं, पावापुरीच्या मंदिराचं. १९८१ चं, श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्या वेळचं, गोमटेश्वराचं. आणि १९८८ चं, कर्मवीर भाऊराव पाटलांचं. अण्णांना तिकिटं जमवायचा नाद नव्हता. ही तीनच त्यांनी ठेवली.

संपाचं वर्ष

आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत असायचा. महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनिऑर्डरी यायच्या. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा असायची. 'पैसे पाठवले आहेत, पोच कळवणे, पोराला बूट घेणे.' पैसे खर्च व्हायचे, तो तुकडा मात्र डब्यात राहायचा.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार. पहिल्या महिन्यात थोड्या मनिऑर्डरी आल्या, मग कमी होत होत थांबल्या. बायका दारात उभ्या राहायच्या, "आली का वो अण्णा?" काही दिवसांनी विचारायचंही बंद झालं, नुसत्या बघायच्या.

ज्या घराला टपाल नाही त्या घरासमोर थांबायचं पोस्टमनला कारण नसतं. अण्णांना मात्र ते जमेना. त्यांनी आपला रस्ता बदलला आणि त्या चार-पाच घरांवरून रोज जायला लागले. दारात थांबून सांगायचे, "आज नाही." आज्जी म्हणाली, "नाही म्हणायला कशाला जायचं मुद्दाम? जिवाला घोर." अण्णांचं म्हणणं, आपण त्या गल्लीत गेलोच नाही तर ती बाई संध्याकाळपर्यंत वाट बघत बसते. नाही म्हटलं की ती निदान कामाला लागते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. मुलगे एकेक करून परत आले, कुणी शेतमजुरीला लागलं, कुणी इचलकरंजीच्या मागांवर गेलं. अण्णांच्या झोळीतलं मनिऑर्डरींचं पुडकं पुढं कधी पूर्वीइतकं जाड झालं नाही.

एक पोस्टकार्ड

आता जे सांगणार आहे ते अण्णांनी मला मी कॉलेजात असताना सांगितलं. दरवर्षी क्षमावाणीला बस्तीतून आले की ते सगळ्यांत आधी एका ठराविक घरी जायचे, आणि ते घर ना आमच्या भावकीचं, ना सोयऱ्यांचं. मी कारण विचारलं.

१९७६ च्या उन्हाळ्यात त्या घरी मुलीचं लग्न होतं. घरच्या थोरल्या सुनेच्या नावानं त्याच दिवशी चिकोडीकडून पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, लावताना नजर पडतेच. वडिलांची तब्येत फार खालावली आहे, पत्र मिळताच निघणे. अण्णा मांडवापाशी गेले. सून हळदीच्या हातांनी पंगतीत वाढत होती, नवरदेव पारावर आला होता, वाजंत्री चालू होती. अण्णांनी विचार केला, एका दिवसानं काय होतंय? आत्ता दिलं तर लग्नघरात रडारड. कार्ड झोळीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते दिलं. ती दुपारच्या एसटीनं निघाली. पोचली तेव्हा वडिलांचा अंत्यविधी सकाळीच उरकला होता.

कुणाला काही कळलं नसतं. कार्डावर आल्या तारखेचा शिक्का होता, पण बघणार कोण? दुःखाची पत्रं लोक वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. ती सासरी परत आली तेव्हा अण्णा स्वतः गेले आणि सांगितलं, पत्र आदल्या दिवशी आलं होतं, मी ठेवून घेतलं. ती काही बोलली नाही, आत गेली. त्या वर्षी क्षमावाणीला अण्णा गेले, हात जोडले. तिनंही हात जोडले, पण तोंडातून शब्द नाही. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

पाचव्या की सहाव्या वर्षी ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी पत्र दिलं असतं तरी मला कुणी जाऊ दिलं नसतं. लग्न टाकून सून माहेरी? पाठवलीच नसती. उगीच जिवाला लावून घेऊ नका."

अण्णा घरी आले आणि आज्जीला म्हणाले, ती असं म्हणाली. आज्जी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "ती म्हणती ते खरंच असंल. पण तिनं जायचं म्हणून हट्ट धरला असता का नसता, रडली असती का भांडली असती, ते तिचं तिनं करायचं हुतं. ते तुम्ही तिच्या हातातनं काढून घेतलं."

मला हे सांगताना अण्णा म्हणाले, "तुझी आज्जी बोलली ते बरोबर. घरचे पाठवणार नव्हते तो त्यांचा दोष. पत्र न देणं माझं." आपल्याकडं अचौर्य म्हणजे चोरी न करणं, एवढंच आपण मुलांना सांगतो. अण्णांच्या मते टपालात पडल्या क्षणी पत्र जिच्या नावावर आहे तिचं झालं, त्यातला दुःखाचा भागही तिचा. तो परस्पर ठेवून घेणं म्हणजे न दिलेलं घेणं. कायद्यानंही ते तसंच होतं, १८९८ च्या टपाल कायद्यात कर्मचाऱ्यानं पत्र मुद्दाम अडवणं हा गुन्हा होता. पण अण्णांना कायद्याची भीती नव्हती, त्यांना तिचं ते न बोलता आत जाणं विसरता येत नव्हतं.

त्यानंतर उरलेल्या सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही पत्र रात्रभर घरी ठेवलं नाही. वाईट बातमी द्यायची त्यांनी एक रीत बसवली. दारात गेल्यावर आधी पाणी मागायचे. पाणी येईतो घरात कोण कोण आहे बघायचे. बाई एकटी असली तर शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईला हाक मारायचे. मग तिला बसायला सांगून पत्र वाचायचे, सगळं, काही न गाळता. लग्नघर असो, डोहाळजेवण असो, बाजूला बोलावून द्यायचे. पुढं काय करायचं ते तिनं ठरवायचं.

ती बाई आता नाही. ती गेली त्या वर्षीही क्षमावाणीला अण्णा तिच्या घरी गेले, तिच्या सुनेनं दार उघडलं, तिच्यापुढं हात जोडून आले.

निवृत्तीनंतर

१९९२ मध्ये, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, अण्णा निवृत्त झाले. तोवर गावात एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं. लोकांना वाटायचं अण्णांना फोनचा राग असेल. तसं काही नव्हतं. फोनवर बाई आईशी स्वतः बोलते, मधे पोस्टमन नको आणि सासूनं सांगितलेलं लिहिणंही नको, हे चांगलंच झालं असं ते म्हणायचे. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची, फोनवर बोललेलं परत काढून वाचता येत नाही.

जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा टीव्हीवर बातमी लागली होती. निवेदिका हळहळत होती. अण्णा म्हणाले, "खेड्यात तार आली की न वाचताच रडायला सुरुवात व्हायची. गेली ते एक बरं झालं." पुढच्या वर्षी अण्णा गेले. ऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे ती पत्त्यांची वही मी ठेवून घेतली आहे. त्यातली निम्मी घरं आता पुण्याला नाहीतर परदेशात आहेत.

काही वर्षांनी गावी गेले असताना रेशनच्या दुकानासमोर एक म्हातारी भेटली. अण्णांनी सही शिकवलेल्या बायकांपैकी ती एक. दुकानात नवं मशीन आलं होतं, त्यावर बोट ठेवल्याशिवाय धान्य मिळत नव्हतं. ती हसत मला म्हणाली, "तुझ्या आज्यानं एवढं पिठात गिरवून सही शिकवली, आणि हे बघ, सरकार परत अंगठाच मागतंय." मग पिशवी खाली ठेवून तिनं बोटानं मशीनच्या टेबलावरच्या धुळीत आपलं नाव काढून दाखवलं. अक्षर अण्णांच्या वळणाचं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सत्तरीपुढच्या ज्या कुणी आज्जी, काकू, मावशी असतील, त्यांना एकदा विचारा, तुमची पत्रं कोण वाचून दाखवायचं? कोण लिहून द्यायचं, आणि लिहिताना शेजारी कोण बसलेलं असायचं? जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. आपल्या बायकांचा इतिहास असाच तोंडी राहिलाय आणि सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात.

आणि यंदा क्षमावाणीला निदान एक कार्ड हातानं लिहून पोस्टात टाका. जिची खरोखर क्षमा मागायची आहे तिला. पोस्टकार्ड अजून मिळतं. फक्त पत्ता स्वच्छ लिहा आणि पिन कोडचे सहाच्या सहा आकडे घाला. अण्णांची नात म्हणून एवढं सांगायचा मला हक्क आहे.

उत्तम क्षमा.